भेगाळलेला डॅशबोर्ड घरी दुरुस्त करून त्यावर नवं रेग्झिन चढवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी २००५ साली घेतलेली सेदान अजून छान चालते, पण घोडबंदर रोडच्या सोसायटीत ती वर्षानुवर्षं उघड्यावर उभी आहे. समोरच्या काचेखालच्या हवेच्या जाळीपासून डॅशबोर्डला दोन लांब भेगा गेल्यात, त्यांच्या कडा वर उचलल्यात आणि आतला पिवळा फोम दिसतोय. नवा डॅशबोर्ड आता कुठे मिळत नाही. भेगा भरून वर रेग्झिन चढवायचं काम घरी जमेल का, आणि जमलं तर ते टिकेल का?

जमेल. टिकेल की नाही ते मात्र मे महिन्यातलं ऊन ठरवतं. ठाण्यात भर दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. गाड्यांच्या सीट आणि ट्रिमिंगचं काम मी बरीच वर्षं करतोय. या काळात उखडलेले जे डॅशबोर्ड माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांचं रेग्झिन धडधाकट होतं. सुटलेलं असायचं ते सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, नाहीतर खालची भरणी. म्हणून या उत्तरात रंग आणि डिझाइनबद्दल कमी बोलेन, खालच्या थरांबद्दल जास्त.

पण त्याही आधी एअरबॅग. तुमच्या शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी कोरलेली अक्षरं आहेत का ते बघा. नसतील तर त्या बाजूच्या सन व्हायझरवरचं स्टिकर वाचा आणि गाडीचं पुस्तक उघडून खात्री करा. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ सरल्यावर. २००५ च्या बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटला एअरबॅग नसते, पण वरच्या मॉडेलमध्ये असूही शकते. ती असेल तर तिच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही. रेग्झिन नाही, फोम नाही, भरणीही नाही. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तिचं झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून कारखान्यात प्लास्टिक आतून त्या रेषेपुरतं पातळ केलेलं असतं. वरून बघितलं तर अनेक गाड्यांत ही रेषा दिसतसुद्धा नाही. त्यावर एक मिलिमीटरचं रेग्झिन ताणून चिकटवलं तर बॅग उशिरा उघडेल, वाकडी उघडेल, नाहीतर कव्हरचा तुकडा माणसाच्या तोंडावर फेकेल. काही महागड्या गाड्यांत या जागेवर लेदर असतं, पण तिथली शिवण ठरावीक जोर आला की तुटणाऱ्या दोऱ्याची असते आणि ती चाचणी घेऊन मंजूर केलेली असते. घरी किंवा माझ्यासारख्याच्या दुकानात ते करता येत नाही. झाकण वेगळा तुकडा म्हणून बसवलेलं असेल तर ते जसंच्या तसं ठेवून त्याच्या कडेपर्यंतच रेग्झिन आणा. झाकण डॅशबोर्डशी एकसंध असेल तर हे काम सोडून द्या. भेग झाकणावरूनच गेली असेल तर डॅशबोर्ड बदलणं हा एकच मार्ग.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने डॅशबोर्ड मिळतात, आणि तुमच्या मॉडेलचा बरा मिळाला तर अर्धं काम वाचेल. मात्र तो उलटा करून खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. अपघातात एअरबॅग फुटून गेलेला डॅशबोर्ड मागून जाळी लावून, वरून लांबी (पेंटरची खड्डे भरायची पुट्टी) भरून आणि रंगवून विकलेला असू शकतो.

तुमच्या वर्णनावरून तुमचा डॅशबोर्ड मऊ जातीचा आहे. फोम दिसतोय म्हणजे तीन थर आलेच: खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेन फोम आणि वर पीव्हीसीची कातडी. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. उन्हाने हे तेल हळूहळू बाहेर पडतं. जुन्या गाडीच्या समोरच्या काचेवर आतून जो तेलकट, धुरकट थर बसतो त्यात मोठा वाटा याच तेलाचा असतो. तेल गेलं की कातडी आकसते आणि कडक होते, पण खालचा सांगाडा तिला आकसू देत नाही. मग जिथे आधीच भोक किंवा कोपरा आहे, म्हणजे जाळीच्या टोकाला, स्पीकरच्या कडेला, स्क्रूपाशी, तिथून ती फाटते. तुमच्या भेगा जाळीपासून का निघाल्या याचं कारण हेच, आणि नुसती भेग बुजवली तर शेजारून दुसरी का निघते याचंही.

अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा डॅशबोर्ड कडक, एकाच थराचा आणि पॉलिप्रॉपिलीनचा असतो. खालच्या बाजूला ‘पीपी’ असा छाप सापडतो. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, त्यावरून ते ओळखा, असं कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. डॅशबोर्डच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाल्क, म्हणजे एका खनिजाची पूड, मिसळलेला असतो आणि तो जास्त असेल तर तुकडा बुडतो. छाप वाचणं हेच खरं. या प्लास्टिकला फेव्हिक्विक, अरल्डाइट, एमसील यांपैकी काहीच नीट धरत नाही. त्याची भेग मागच्या बाजूने पॉलिप्रॉपिलीनच्याच कांडीने वेल्ड करून घ्यावी लागते, किंवा बंपर दुरुस्त करणारे गरम करून तारेचे टाके मारतात तसे मारून घ्यावे लागतात. बंपरही बहुतेक याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या किंवा तुर्भ्याकडच्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला हे काम येतं. चिकटवण्याआधी लावायचा प्लास्टिक प्रायमरही त्यांच्याकडे मिळेल. तुम्हाला याची गरज सांगाडा तुटला असेल तरच पडेल, म्हणून इथेच थांबतो.

डॅशबोर्ड बाहेर काढूनच काम करा. गाडीत ठेवून काचेखालच्या कडेला हात पोहोचत नाही, आणि पहिल्यांदा उखडते ती हीच कडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा. तो दिला नसेल तर दहा मिनिटं तरी थांबा. एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही, आणि ते सुटे असताना चावी फिरवायची नाही. मग मधला कन्सोल, दोन्ही बाजूंच्या खांबांची आवरणं, ग्लोव्ह बॉक्स, स्टिरिओ, मीटर असं क्रमाने काढत जा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि त्या-त्या जागेचे स्क्रू वेगळ्या पुडीत नाव लिहून ठेवा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग काढावं लागत नाही, त्याचा दांडा धरणारे बोल्ट सोडून तो खाली टेकवला की जागा होते. एसीचा गॅस सोडावा लागेल का, हे लोक हमखास विचारतात. साधारणपणे नाही, कारण कूलिंग कॉइलचा डबा गाडीच्या भिंतीवरच राहतो. शेवटचे बोल्ट काचेच्या मुळाशी आणि दोन्ही टोकांना असतात. उचलायला दोन माणसं हवीत.

आता धुणं, आणि इथे अजिबात घाई करू नका. इतक्या वर्षांत डॅशबोर्डवर जे चमकवणारे स्प्रे मारले गेले त्यांतलं सिलिकॉन कातडीत मुरलेलं असतं, आणि सिलिकॉनवर कुठलंच सोल्यूशन धरत नाही. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने, मऊ ब्रशने, दोन-तीन वेळा धुवा. वाळल्यावर आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घ्या. मग पाण्याचे थेंब टाकून बघा. पाणी पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. गोळे होऊन उभं राहिलं तर पुन्हा धुवा. स्वच्छ झाल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी कातडी खरवडून चमक घालवा.

भेगेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. वर आलेल्या कडा दाबून चिकटवायच्या मागे लागू नका. त्या आकसलेल्या आहेत, पुन्हा वर येणारच. धारदार ब्लेडने दोन्ही बाजूंची पाच-सहा मिलिमीटर कातडी उतरती कापून टाका. खालचा फोम बोटाने चुरा होत असेल तर घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढा. खड्डा खोल असेल तर त्यात दाट फोम शीटचा तुकडा मापाने कापून चिकटवा, पृष्ठभागाच्या जरासा खाली राहील असा. डब्यातून फुगणारा स्प्रे फोम मोठ्या पोकळीत चालतो, पण थोडाच मारा आणि पूर्ण एक दिवस जाऊ दे. वरची एक-दोन मिलिमीटर भरणी लवचीक हवी. पेंटच्या दुकानात बंपरसाठीची लवचीक पुट्टी मिळते, ती घ्या. दारावर आणि मडगार्डवर वापरतात ती साधी लांबी इथे वापरू नका. सव्वा मीटर लांबीचा प्लास्टिकचा डॅशबोर्ड सकाळपासून दुपारपर्यंत तापताना तीन-चार मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आत येतो. कडक लांबी ही रोजची हालचाल सोसत नाही, तिची कडा सुटते आणि रेग्झिनखालून रेघ उमटते.

भरणी वाळल्यावर आधी ८० आणि मग १८० नंबरच्या पेपरने घासा. घासून झालं की दिवे बंद करून टॉर्च आडवा धरा. सावली पडली तिथे उंचवटा आहे. मग डोळे मिटून तळवा फिरवा, डोळ्यांना न दिसलेलं हाताला लागतं. एक मिलिमीटरच्या रेग्झिनखाली कागदाच्या जाडीची पायरीही उन्हात दिसते. ती झाकायला सगळीकडे पातळ फोम चिकटवायचा मोह होईल. माझ्या मते तो टाळावा, कारण खोलगट जागी रेग्झिनच्या ताणाने फोमच फाटून वर येतो.

कापडाबद्दल. पीव्हीसीचं, मागे विणलेलं कापड असलेलं, दोन्ही दिशांना ताणलं जाणारं, साधारण एक मिलिमीटरचं ऑटोमोटिव्ह रेग्झिन घ्या. ताणलं न जाणारं सोफ्याचं रेग्झिन वळणावर चुण्या देतं. पीयू (पॉलियुरेथेन) लेदर हाताला फार छान लागतं, पण उष्णता आणि दमट हवा मिळून त्याचा वरचा थर काही वर्षांत सोलवटतो, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर, ठाण्यात काय किंवा वाशी-ऐरोलीत काय, दमटपणा बारमाही आहे. खरं चामडं या उन्हात आकसतं. रंग गडद आणि मॅट ठेवा. बेज किंवा चमकदार कापडाचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि दुपारी समोरचं नीट दिसत नाही. रोल साधारण ५४ इंच रुंदीचा येतो, तुमच्या गाडीला दोन मीटर पुरेल आणि चाचणीला तुकडाही उरेल. तो तुकडा आठवडाभर गाडीत काचेखाली ठेवून बघा. आकसला किंवा काचेवर तेल सोडलं तर दुसरं कापड शोधा.

मीटरवरची कमान उंच असेल तर एका सलग तुकड्यात ती झाकली जात नाही, ताण इतका येतो की तिथलं रेग्झिन पुढेमागे सुटतं. दोन किंवा तीन तुकडे करा. डॅशबोर्डवर किचनमधली क्लिंग फिल्म गुंडाळा, त्यावर मास्किंग टेप लावा, शिवण कुठे यावी त्या रेषा पेनाने काढा, खुणा करा आणि त्या रेषांवर कापून फर्मे तयार करा. कापताना शिवणीसाठी १२ मिलिमीटर जादा ठेवा. घरच्या शिलाई मशीनवर १८ नंबरच्या सुईने एक-दोन पदर जातील, पण शिवणीच्या जागी चार पदर आले की मशीन टाके सोडायला लागतं. तेवढी शिवण जवळच्या सीट कव्हरवाल्याकडून घालून घ्या. दोरा पॉलिएस्टरचा सांगा, नायलॉन उन्हात लवकर कुजतो.

आता सोल्यूशन. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारं पिवळसर सोल्यूशन सिंथेटिक रबराचं असतं. त्याला तुमच्या कामात दोन अडचणी आहेत. साधारण ६०-७० अंशांनंतर ते ढिलं पडायला लागतं. आणि पीव्हीसीतून निघणारं तेल त्यात उतरून ते मऊ, चिकट होतं. तुमच्याकडे खालीही पीव्हीसी आहे आणि वरही, म्हणजे तेल दोन्हीकडून येणार. बूट बनवणारे पीव्हीसीचे तळ चिकटवायला पीयू सोल्यूशन वापरतात, ते या तेलाला दाद देत नाही. मी तेच वापरतो. चेंबूर-कुर्ल्याच्या मधल्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बुटांच्या कारागिरांची मोठी वस्ती आहे, तिथल्या सामानाच्या दुकानांत ते मिळतं. सोबत हार्डनर मिळत असेल तर तो घ्या, उष्णता सोसण्याची ताकद त्याने बरीच वाढते. मिसळायचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं. मिसळलेलं सोल्यूशन काही तासांत वापरून संपवावं लागतं.

ही सोल्यूशनं पेट घेतात आणि त्यांची वाफ जमिनीलगत साचते. गॅलरीत किंवा गच्चीवर काम करा, गॅस आणि गॅस गीझर बंद ठेवा, देवघरातला दिवा विझवा, लहान मुलांना दुसरीकडे पाठवा. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. सोल्यूशनमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, पावसाळी हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरकी साय येते. त्या सायीवर चिकटवलेलं दिवाळीपर्यंत सुटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा योग्य काळ.

दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा पातळ हात द्या. बोट लावलं तर चिकटावं पण सोल्यूशन बोटावर येऊ नये, इतकं वाळलं की सुरुवात करा. आधी शिवण जागेवर बसवा, मग मधून दोन्ही टोकांकडे जा. नियम एकच: खोलगट जागा आधी, उंच जागा नंतर. उंचावरून उंचावर रेग्झिन ताणून मग खळग्यात दाबलं तर आज बसेल, पहिल्या कडक उन्हात तंबूसारखं वर येईल. खळग्याजवळचं रेग्झिन हीट गनने इतकं तापवा की हाताला जेमतेम सोसवेल, आत दाबा आणि गार होईपर्यंत दाबून धरा. गन सतत हलती ठेवा, नाहीतर रेग्झिनवरची नक्षी सपाट होऊन चकाकते. कडा खालच्या बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर वळवून चिकटवा. वळणावर बाहेरच्या पदराला लहान त्रिकोणी काप द्या, पण काप कडेपर्यंत आणू नका.

जाळीची आणि स्पीकरची भोकं त्या दिवशी कापू नका. एक दिवस जाऊ दे, मग मधून फुली मारून पदर आत वळवा. काही गाड्यांत चासी नंबरची पट्टी डॅशबोर्डवर काचेतून दिसेल अशी असते, ती उघडी राहिली पाहिजे. परत बसवताना जाळ्या घट्ट जातील, कारण दोन्ही बाजूंनी रेग्झिनची जाडी वाढलेली असते. ठोकून बसवू नका, जाळीच्या बाहेरच्या कडा कानशीने थोड्या घासा. जिथे प्लास्टिक प्लास्टिकला टेकतं तिथे फेल्टची पट्टी लावा, नाहीतर खड्ड्यांतून जाताना करकर ऐकू येईल.

बॅटरी जोडण्याआधी सगळे कनेक्टर बसलेत का ते फोटोंशी ताडून बघा, विशेषतः पिवळे. मग गाडी सुरू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघा. हवा काचेवर पूर्ण जोराने येते का तेही तपासा. पदर आत वळवताना काचेखालची जाळी अर्धी झाकली गेली असेल तर जुलैच्या पावसात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये समोरची काच धूसर होईल आणि साफच होणार नाही. हवा कमी वाटली तर जाळी पुन्हा काढून पदर आखूड करा.

पुढचे तीन-चार दिवस गाडी सावलीत ठेवा. आत अडकलेलं थिनर पूर्ण निघण्याआधी ऊन लागलं तर फुगे येतात. तरी एखादा फुगा आलाच तर तो बारीक सुईने टोचा, हीट गनने हलकं तापवा आणि कापडाने दाबून धरा. पीयू सोल्यूशन ताजं आहे तोवर ते पुन्हा धरतं.